बारा चित्ते, तीन माद्या आणि एक हमरस्ता

मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात चित्त्याच्या एखाद्या मादीने पिल्लं दिली की आपल्याकडे बातम्यांचा पाऊस पडतो. त्यात कुणीतरी हमखास ठोकून देतं, 'आशियातून नामशेष झालेला चित्ता परत आला.' हे विधान दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. आशियातला चित्ता अजून नामशेष झालेला नाही. तो इराणमध्ये जेमतेम तग धरून आहे. आणि कुनोत हिंडणारे चित्ते मुळात त्या वंशाचे नाहीतच. ते नामिबिया, दक्षिण आफ्रिका अशा आफ्रिकेतल्या देशांतून आणलेले, किंवा तशा आईबापांच्या पोटी इथे जन्मलेले आहेत.

मग खऱ्या आशियाई चित्त्याचं काय चाललंय? जानेवारी २०२२ मध्ये इराणच्या पर्यावरण खात्याने एक आकडा जाहीर केला: १२. त्यात नर ९ आणि माद्या ३. त्याआधी दहा-बारा वर्षांपूर्वी हाच आकडा शंभराच्या आसपास सांगितला जायचा.

आधी ओळख पटवून घेऊ

जुन्नरच्या उसात पिल्लं घालतो आणि रात्री ओसरीवरून कुत्रं उचलून नेतो, तो बिबट्या. चित्ता वेगळा. बिबट्याच्या अंगावर फुलासारखे, मधे पोकळ ठिपके असतात. चित्त्याचे ठिपके भरीव, शाईचे थेंब पडल्यासारखे. चित्त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेघा उतरलेल्या असतात. अंग सडपातळ, पाय लांब, डोकं लहान. नखं मांजरासारखी पूर्ण आत जात नाहीत, त्यामुळे धावताना पकड मिळते. काहीशे मीटरच्या झेपेत तो ताशी शंभर किलोमीटरच्या घरात वेग गाठतो आणि मग धापा टाकत बसतो. तेवढ्यात लांडगा किंवा दोन दांडगी कुत्री आली, तर शिकार सोडून मुकाट बाजूला होतो. मारामारी हा त्याचा प्रांत नाही, आणि माणसाच्या वाटेला तर तो जातच नाही.

चित्ता ही एकच प्रजाती आहे, पण तिच्या काही उपप्रजाती आहेत. उपप्रजाती म्हणजे एकाच प्राण्याची अशी शाखा, जी दीर्घकाळ वेगळी राहून थोडी वेगळी घडली. आशियाई आणि आफ्रिकी शाखा नक्की कधी फुटल्या यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, पण त्या वेगळ्या आहेत हे मान्य आहे. अरबस्तानापासून मध्य आशिया ओलांडून आपल्या दख्खनपर्यंत पसरलेली शाखा ती आशियाई. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक यादीत १९९६ पासून तिची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. 'जंगलातून संपला' या शेऱ्याच्या आधीची ही शेवटची पायरी.

आपल्याकडचे कुठे गेले?

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध आहे, आणि तो कोल्हापुरातून जातो. काळवीटाची शिकार करायला चित्ते पाळण्याचा षोक मोगलांपासून चालत आला होता आणि कोल्हापूर दरबारात तो विसाव्या शतकापर्यंत टिकला. चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला गाडीवरून माळावर न्यायचं, कळप दिसला की पट्टी काढायची. हे काम करणारे ते चित्तेवान. पण शिकारी चित्ता घरी वाढवून चालत नसे, कारण पिल्लाला शिकार शिकवते ती त्याची आई. म्हणून रानातला वाढलेला चित्ताच पकडून माणसाळवायचा. शतकानुशतकं रानातून चित्ते उपसले गेले, माळ नांगराखाली आले, हरणं कमी झाली आणि बंदुका वाढल्या. शेवटी कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांना आफ्रिकेतून बोटीने चित्ते मागवावे लागले. म्हणजे आफ्रिकी चित्ता कुनोच्या कितीतरी आधी कोल्हापुरात येऊन गेला आहे!

१९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या महाराजांनी आजच्या छत्तीसगडमध्ये तीन चित्ते मारले. भारतातली शेवटची पक्की नोंद म्हणून तीच सांगितली जाते. १९५२ मध्ये सरकारने चित्ता देशातून संपल्याचं जाहीर केलं.

इराणमध्येच का टिकला?

कारण तिथला प्रदेश माणसाला फारसा हवासा नव्हता. मध्य आणि ईशान्य इराणचं पठार कोरडं, दगडगोट्यांचं, हिवाळ्यात गोठवणारं आणि उन्हाळ्यात भाजून काढणारं आहे. गावं लांब लांब. १९७० च्या दशकात तिथे दोनशे ते चारशे चित्ते असावेत असा अंदाज होता आणि संरक्षणाची व्यवस्थाही बरी होती. १९७९ ची क्रांती झाली, पाठोपाठ इराकशी आठ वर्षांचं युद्ध. त्या गोंधळात वनरक्षकांचा धाक उरला नाही. जीप आणि बंदुका माळावर उतरल्या आणि हरणांचे कळप साफ झाले. चित्त्याला कुणी मुद्दाम मारलं नाही तरी चालतं; त्याचं ताट रिकामं केलं की काम भागतं.

तिथल्या चित्त्याच्या ताटात काय असतं? एक नाव ओळखीचं आहे. इराणी लोक ज्याला 'जबीर' म्हणतात, तो आपला चिंकारा. बारामती तालुक्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जो दिसतो, तीच प्रजाती. त्याशिवाय आणखी एका जातीचं हरण, रानमेंढ्या, रानबोकड आणि ससे. माळावरची हरणं घटल्यावर चित्ते रानमेंढ्यांच्या मागे डोंगरउतारांवर सरकले. सपाट मैदानात सुसाट धावणारा चित्ता आपण टीव्हीवर पाहतो. इराणी चित्ता बराचसा टेकड्या-नाल्यांच्या मुलुखात दबा धरून जगतो.

बारा सोडा, तीन पाहा

संवर्धनाच्या बातम्यांत एकूण आकडा छापतात, पण माझ्या मते तो दुय्यम आहे. वंश किती पुढे जाणार हे माद्या ठरवतात. चित्त्याची मादी एकटी राहते आणि गर्भ राहिल्यावर तीनेक महिन्यांनी साधारण तीन-चार पिल्लं देते. नर मदतीला नसतो. पुढचं वर्ष-दीड वर्ष तिला एकटीने शिकार करायची, पिल्लं लपवायची, जागा बदलत राहायची आणि त्यांना शिकवायचंही. यातली कितीतरी पिल्लं वर्षाची होण्याआधीच जातात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी एका मादीमागे दर दोन वर्षांत एखाददुसरं जनावर वाढीला लागणार. नऊ नरांतला एक गेला तर वाईटच, पण तीन माद्यांतली एक गेली तर पुढच्या पिढीचा तिसरा हिस्सा त्या दिवशीच संपला.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. दक्षिणेकडे, यझ्द प्रांताच्या बाजूला, चित्त्यांसाठी राखलेली मोठमोठी क्षेत्रं आहेत. तिथल्या कॅमेऱ्यांत वर्षानुवर्षं फक्त नर येत राहिले. ते एका अभयारण्यातून दुसऱ्यात शेकडो किलोमीटर मादी शोधत फिरत होते. नकाशावर तो 'चित्त्याचा प्रदेश' म्हणून रंगवलेला होता, पण तिथे पिल्लं होण्याची शक्यताच नव्हती. पिल्लं होतात ती ईशान्येला, सेमनान प्रांतातलं तुरान आणि त्याच्या पलीकडचं मियानदश्त या दोन राखीव क्षेत्रांच्या पट्ट्यात.

एक खुलासा करायला हवा. १२ हा कॅमेऱ्यांत ओळखू आलेल्या चित्त्यांचा आकडा. न दिसलेले एखाददुसरे असू शकतात. नंतरच्या वर्षांत तुरानात पिल्लांसह माद्या दिसल्याही आहेत. पण त्यामुळे चित्र उलटं होत नाही.

मोजतात कसे?

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारा, झाडाला किंवा खुंटाला बांधलेला कॅमेरा. तो कुठेही बांधून उपयोग नसतो. चित्ते ठरावीक झाडांवर, ठरावीक खडकांवर मूत्राच्या खुणा सोडतात आणि वास घ्यायला पुन्हा पुन्हा तिथे येतात. त्या जागा रखवालदारांना माहीत असतात. प्रत्येक चित्त्याचे ठिपके बोटांच्या ठशांसारखे वेगळे, शेपटीची वलयंही वेगळी. गोम अशी की डाव्या कुशीचे ठिपके उजवीशी जुळत नाहीत. एका कॅमेऱ्यात डावी बाजू आली आणि दुसऱ्यात उजवी, तर हे एक जनावर की दोन? म्हणून कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात.

याच कॅमेऱ्यांनी माणसं तुरुंगात घातली. जानेवारी २०१८ मध्ये चित्त्यांवर काम करणाऱ्या एका इराणी संस्थेच्या नऊ जणांना अटक झाली. आरोप हेरगिरीचा: वन्यजीवांच्या नावाखाली संवेदनशील भागांत कॅमेरे लावता. संस्थेचे एक संस्थापक, प्राध्यापक कावूस सैयद-इमामी, फेब्रुवारीत तेहरानच्या एविन तुरुंगात मरण पावले. अधिकाऱ्यांनी आत्महत्या म्हटलं, कुटुंबाला ते पटलं नाही. बाकीच्यांना वर्षानुवर्षांच्या शिक्षा झाल्या. नीलूफर बयानी, हुमन जोकार, सेपिदेह काशानी आणि ताहेर कदीरियान हे चौघे २०२४ च्या एप्रिलमध्ये सुटले. चित्ता घसरणीला लागला होता नेमक्या त्या वर्षांत, त्याला सर्वांत जवळून ओळखणारी माणसं कोठडीत होती. बाहेर राहिलेल्यांनी पुढे रानात कॅमेरा लावताना दहादा विचार केला असेल, यात नवल ते काय? शिवाय आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे बाहेरून पैसा आणि उपकरणं आणणंही अवघड. एखाद्या प्राण्याला राजकारणाचा फटका बसतो तो असा.

रस्त्याचं दुखणं

तेहरानहून मशहदला जाणारा हमरस्ता तुरानच्या उत्तरेकडून जातो. मशहद हे शिया मुस्लिमांचं मोठं तीर्थक्षेत्र, त्यामुळे रात्रंदिवस वाहतूक. यात अब्बासाबाद ते मयामे हा टप्पा चित्त्यांसाठी काळ ठरला. रस्त्याच्या एका बाजूला तुरान, दुसऱ्या बाजूला मियानदश्तकडे जाणारा मुलूख. म्हणजे पिल्लं होणाऱ्या दोन जागांच्या मधोमध ही डांबराची पट्टी. मादी रात्री पलीकडे जाते आणि मागून पिल्लं येतात. आई पार होते, पण पिल्लू रस्त्याच्या मधे दिव्यांच्या झोतात थबकतं. कधी पिल्लू जातं, कधी आईच. अलीकडच्या वर्षांत इराणी चित्त्यांच्या ज्ञात मृत्यूंमध्ये वाहनांची धडक हे अगदी वरचं कारण आहे.

उपाय काही गुपित नाहीत. दोन्ही बाजूंना कुंपण, रस्त्याखालून जायला भुयारी वाटा, दिवे, वेगावर मर्यादा. कुंपण आणि दिव्यांचं काम काही भागात झालंही. पण अर्धवट कुंपण धोकादायक असतं: संपतं तिथून जनावर आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाट सापडत नाही. आणि नुसतंच सलग कुंपण घातलं, खालून वाट ठेवली नाही, तर तुरान आणि मियानदश्त कायमचे तुटले. दोन्ही एकत्र करायचं तर खर्च मोठा, आणि रस्ता पर्यावरण खात्याच्या ताब्यात नाही. खात्याखात्यांतलं हे त्रांगडं आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मेंढपाळाला दोष द्यायचा का?

तुरान केवढं, तर सुमारे चौदा हजार चौरस किलोमीटर, आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडंच लहान. त्यात हिवाळ्यात मेंढ्यांचे कळप चराईला उतरतात. हक्क पिढीजात, परवाने कायदेशीर. मेंढ्या गवत खातात आणि पाणवठे अडवतात, त्यामुळे हरणं सरकतात. पण मेंढ्यांपेक्षा मोठी अडचण कुत्र्यांची. लांडगा येऊ नये म्हणून पाळलेली ती दांडगी जनावरं. त्यांना लांडगा कोणता आणि चित्ता कोणता याच्याशी घेणंदेणं नाही. ती चित्त्याला शिकारीवरून हुसकतात, पिल्लं सापडली तर मारतात. आपल्याकडेही माळावर धनगराचं कुत्रं आणि लांडगा यांचं नातं पाहिलेल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही.

मेंढपाळाला हाकलून हे सुटत नाही, कारण दूरदूरच्या रानात काय हललं, कुठे मोटारसायकलवरून शिकारी आले, हे सर्वांत आधी त्यालाच कळतं. त्याला शत्रू केलं तर खातं आंधळं होतं. म्हणून गाभ्याच्या क्षेत्रातले चराईचे हक्क पैसे मोजून विकत घ्यायचे आणि तिथे मेंढ्या येऊ द्यायच्या नाहीत, हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. काही ठिकाणी तो सुरूही झाला. काम हळू आहे आणि दर सौद्याला घासाघीस आहे.

लोकांचं मन बदलतं याला पुरावाही आहे. १९९४ मध्ये बाफ्क गावाजवळ पाण्यासाठी आलेल्या एका मादीच्या पिल्लांवर गावकऱ्यांनी हल्ला केला. एकच पिल्लू वाचलं, मारिता नावाची मादी. ती २००३ पर्यंत जगली. त्या घटनेची आठवण म्हणून इराणमध्ये ३१ ऑगस्ट हा चित्ता दिन पाळतात. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात इराणी संघाच्या जर्सीवर चित्ता होता.

'मग पिंजऱ्यात वाढवा की'

सगळ्यांना सुचणारा उपाय. अडचण अशी की चित्ता कैदेत सहजी वाढत नाही. अकबराच्या पदरी हजार चित्ते असल्याचं सांगतात. जहांगीरने आपल्या आठवणींत नोंदवलंय की बापाने प्रयत्न करूनही त्यांना पिल्लं झाली नाहीत, आणि आपल्या कारकिर्दीत एकदा झाली तेव्हा ती नवलाची गोष्ट ठरली. मादीला नर निवडायची मोकळीक हवी असते. रोज समोर असलेल्या नराकडे ती ढुंकूनही पाहत नाही. आफ्रिकी चित्त्यांच्या बाबतीत प्राणिसंग्रहालयांना ही मेख उमगायला दशकं लागली, आणि त्यांच्या हाताशी शेकडो चित्ते होते.

इराणच्या हाती होती कुश्की आणि दिलबर ही जोडी. वर्षानुवर्षं प्रयत्न झाले, पिल्लं झाली नाहीत. नंतर 'इराण' नावाच्या मादीला फिरूझ या नराकडून गर्भ राहिला. मे २०२२ मध्ये तुरानच्या केंद्रात शस्त्रक्रिया करून तीन पिल्लं काढली. दोन काही दिवसांतच गेली. तिसऱ्याचं नाव पिरूझ, म्हणजे विजयी. आईने न घेतल्याने त्याला माणसाने बाटलीने वाढवलं. अख्खा देश त्याच्या व्हिडिओंवर जीव टाकत होता. फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस मूत्रपिंडं निकामी होऊन ते तेहरानच्या दवाखान्यात दगावलं. वय दहा महिने.

कैदेतलं प्रजनन बंद करावं असं मी म्हणत नाही. पण बाटलीवर वाढलेला चित्ता रानात सोडता येत नाही, आणि केंद्रासाठी रानातली मादी पकडायची तर ती या मोजक्या माद्यांतलीच एक असणार. अशी पैज कोण लावेल?

'आफ्रिकेतून आणून सोडा', 'क्लोन करा'

उरलेले इतके थोडे आहेत की जवळच्या नात्यात संबंध होणं अटळ. सगळ्या शिवारात एकाच पिशवीतलं बियाणं पेरलं तर एक रोग सगळं पीक नेतो, तसं इथे आहे: सगळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी, त्यामुळे दुखणं आलं तर सगळ्यांनाच. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात, आफ्रिकी रक्त मिसळा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या प्यूमांना (मोठ्या रानमांजरांची तिथली एक जात) १९९५ मध्ये टेक्सासच्या आठ माद्या आणून असंच वाचवलं. विरोधक म्हणतात, तुरानच्या हिवाळ्यासाठी घडलेला चित्ता पातळ होऊन जाईल. माझं मत विचाराल तर हा प्रश्न आज तातडीचा नाही. रस्त्यावर मरणारा चित्ता आफ्रिकी रक्ताचा असला तरी मरणारच.

क्लोनिंगची, म्हणजे पेशीपासून हुबेहूब तसंच जनावर घडवण्याची, कथा आपल्याशी जोडलेली आहे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने इराणी चित्त्याच्या पेशी मागितल्या होत्या. इराणने नकार दिला. त्याआधी १९७० च्या दशकात सिंहांच्या बदल्यात चित्ते अशी बोलणी चालली होती, ती क्रांतीत वाहून गेली. कुनोसाठी आफ्रिकेकडे वळावं लागलं ते म्हणूनच. आता तर इराणला एकही जनावर देणं परवडणारं नाही. कुनोचा प्रयोग यशस्वी झाला तर माळरानांचं भलं होईल, पण त्यामुळे तुरानातला आकडा एकानेही वाढत नाही.

'बारांवर कशाला वेळ घालवायचा?'

कारण इतक्या खालून वर आल्याची उदाहरणं आहेत. स्पेन-पोर्तुगालमधला आयबेरियन लिंक्स हा रानमांजराच्या कुळातला प्राणी २००२ मध्ये शंभराच्या आत होता. २०२३ च्या गणनेत दोन हजारांवर गेला. पण लिंक्स कैदेत चांगला वाढतो आणि त्याचं खाणं म्हणजे ससे. त्या यशाची नक्कल इराणला जमेल असं वाटत नाही.

जवळचं उदाहरण रशियाचं आहे. अतिपूर्वेचा अमूर बिबट्या एकेकाळी तीसेक उरला होता. पिंजऱ्यातून एकही न सोडता तो आता शंभराच्या पुढे आहे. २०१२ मध्ये विखुरलेली राखीव क्षेत्रं जोडून सलग राष्ट्रीय उद्यान केलं, हरणं जपली, शिकाऱ्यांना आवरलं. त्या बिबट्यांच्या वाटेतही एक हमरस्ता होता. रशियाने तो डोंगराच्या पोटातून बोगदा काढून नेला, आणि २०१६ पासून गाड्या खालून जातात, बिबटे वरून. अब्बासाबादच्या सपाट माळावर बोगदा होणार नाही. तिथे रस्ता ठिकठिकाणी उचलून खालून वाट काढावी लागेल, आणि ते काम ज्या खात्याचं आहे त्याच्या यादीत चित्ता नाही.